बहात्तर ऐकलं, किती लिहाल?

हा पाठ वाचायच्या आधी एक काम करा. हातात पेन्सिल घ्या आणि घरातल्या कुणाला तरी हे पाच शब्द सावकाश वाचून दाखवायला सांगा: सत्तावीस, बहात्तर, त्रेपन्न, अडतीस, एकोणसाठ. तुम्ही फक्त ऐकायचं आणि आकड्यांत लिहायचं. शब्दांकडे बघायचं नाही.

लिहिलंत? आता ताडून बघा: २७, ७२, ५३, ३८, ५९.

पाचही बरोबर आले असतील तर शाब्बास. पण ७२ च्या जागी २७ आणि ५३ च्या जागी ३५ आलं असेल, तर मनाला लावून घेऊ नका. जी मुलं शाळेत दिवसभर इंग्रजीत मोजतात, त्यांच्याकडून हे हमखास होतं. तुमचं गणित चांगलं असतं, कान फसतो. आणि एकोणसाठच्या जागी ६१ लिहिलं असेल, तर ती वेगळीच गंमत आहे. तिच्याकडे थोड्या वेळानं येऊ.

आधी काय ऐकू येतं?

इंग्रजीत आपण ‘ट्वेंटी-सेव्हन’ म्हणतो. आधी वीस ऐकू येतात, मग सात. पेन्सिलही तशीच चालते: डावीकडे २, उजवीकडे ७. तोंड आणि हात एकाच दिशेनं जातात.

मराठीत ‘सत्तावीस’ म्हणतो. ‘सत्ता’ म्हणजे सात, मग ‘वीस’. कानावर सात आधी पडतं, पण कागदावर ते नंतर येतं. तोंड एका दिशेनं, हात दुसऱ्या दिशेनं. घाईत असलेला मुलगा ‘सात’ ऐकतो, लगेच ७ लिहितो, मग त्याच्यापुढे २ लिहितो आणि सत्तावीसचे बहात्तर होतात.

दोन अंकी संख्येत दोन घरं असतात. उजवीकडचं घर एककाचं आणि डावीकडचं दशकाचं. महाराष्ट्रातल्या शाळांत हे शिकवताना दहा काड्यांची एक जुडी बांधतात. जुड्या डावीकडे ठेवायच्या, सुट्या काड्या उजवीकडे. तुमच्याकडे काड्या नसतील तर नाणी घ्या. दहा पेन्सची दोन नाणी डावीकडे, एक पेनीची सात नाणी उजवीकडे. झाले सत्तावीस पेन्स. आता तीच नाणी उलट करा: दहाची सात आणि एकाची दोन. बहात्तर पेन्स! आकडे तेच, २ आणि ७, पण घरं बदलली आणि पंचेचाळीस पेन्सचा फरक पडला.

मराठीची ही पद्धत विचित्र वाटते का? मग तुमच्या शाळेत जर्मन शिकणाऱ्या मित्राला विचारा. जर्मनमध्येही आधी एकक, मग दशक. संस्कृतमध्ये तसंच: एकविंशति, म्हणजे एक आणि वीस. आणि इंग्रजीनं फार हसू नये. ‘सेव्हन्टीन’मध्ये सात आधी येतात की नाही? जुन्या इंग्रजीत तर चोवीसला सरळ ‘चार आणि वीस’ म्हणायचे.

लेस्टरमध्ये राहण्याचा एक फायदाही आहे. बेलग्रेव्ह रोडवर मिठाईच्या किंवा साडीच्या दुकानात उभं राहिलात, की गुजराती आकडे कानावर पडतात. गुजरातीत एकवीसला एकवीसच म्हणतात, बावीसला बावीस आणि चोवीसला चोवीस. म्हणजे वर्गात गुजराती मैत्रीण असेल, तर निम्मा अभ्यास तिच्याबरोबर होईल. (मधेच ती पन्नासला ‘पचास’ म्हणेल, तेवढं चालवून घ्या.)

शेपूट ऐका

आता युक्ती. मराठी आकडा ऐकताना डोकं ऐकून लिहू नका, शेपटाची वाट बघा. शेपूट म्हणजे शब्दाचा शेवट. शेपूट दशक सांगतं, आणि दशक डावीकडे आधी लिहायचं असतं.

शेवटी ‘वीस’ आलं की डावीकडे २. ‘तीस’ आलं की ३, ‘चाळीस’ आलं की ४. ‘वन्न’ किंवा ‘पन्न’ म्हणजे ५. ‘सष्ट’ म्हणजे ६, ‘हत्तर’ म्हणजे ७, ‘ऐंशी’ म्हणजे ८ आणि ‘ण्णव’ म्हणजे ९. अकरा ते अठरामध्ये बहुतेक ठिकाणी ‘रा’ ऐकू येतो: अकरा, बारा, तेरा, पंधरा, सतरा, अठरा. चौदा आणि सोळा तेवढे वेगळे. ते पाठच करायचे.

म्हणून ‘त्रेपन्न’ ऐकलं की ‘त्रे’ मनात धरून ठेवा. ‘पन्न’ ऐकू येईपर्यंत पेन्सिल कागदाला लावू नका. पन्न आलं, डावीकडे ५ लिहा. आता मनात ठेवलेलं ‘त्रे’ बाहेर काढा आणि उजवीकडे ३ लिहा. सुरुवातीला दोन सेकंद जास्त लागतील. लागू द्या.

शेपटं आठच आहेत, ती लवकर येतात. डोक्यांचा गोंधळ मोठा आहे, कारण एकच अंक वेगवेगळी टोपी घालून येतो. दोनचं बघा: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. बा, ब, बे, ब्या. पण प्रत्येक वेळी ‘ब’ आहे ना? ‘बे एके बे’ म्हणताना जो ‘बे’ येतो, त्याचीच ही भावंडं. तीनला नेहमी ‘त’ असतो: तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. चारला ‘च’, पाचला ‘प’. सातला ‘स’ असतो, पण तो कधी ‘सत्ता’ होतो तर कधी ‘सद’: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सदुसष्ट. आठला ‘अ’: अठ्ठावीस, अडतीस, अठ्ठेचाळीस, अडुसष्ट.

सहा मात्र फार खोडकर आहे. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. याला नियम लावायच्या भानगडीत पडू नका. रोज दोनदा मोठ्यानं म्हणा, आठवड्यात तोंडात बसेल.

आणखी एक, अगदी साधी वाटणारी गोष्ट. ‘सात’ आणि ‘साठ’ सारखे ऐकू येत असतील तर आधी त्यांच्यावर मेहनत घ्या. ‘त’ म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं. ‘ठ’ म्हणताना जीभ वर टाळूकडे जाते आणि तोंडातून जोरात हवा निघते. सात रुपये आणि साठ रुपये यांत चांगला त्रेपन्न रुपयांचा फरक आहे.

एकोणची गंमत

आता एकोणसाठ. शेपटाला ‘साठ’ आहे, म्हणजे डावीकडे ६ यायला हवा, नाही का? इथे मराठी आपल्याला चकवते. ‘एकोण’ म्हणजे ‘एक कमी’. साठाला एक कमी म्हणजे ५९. तसंच तिसाला एक कमी एकोणतीस, २९. चाळिसाला एक कमी एकोणचाळीस, ३९. ‘एकोण’ ऐकलं की पुढच्या दशकातून एक वजा करायचा.

हे तुम्ही रोज करता. ‘पाच वाजायला दहा मिनिटं कमी आहेत’ असं आपण म्हणतोच. पुढचा गोल आकडा जवळ आला की त्याच्याकडे बघून मोजायचं.

एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळला जातो. मग ९९ ला काय म्हणायचं? एकोणशंभर? नाही. नव्व्याण्णव! तिथे मराठीनं आपलाच नियम मोडला.

आपल्या शहराचे आकडे

आता लेस्टरचेच आकडे घेऊ. २०१५-१६ च्या हंगामात लेस्टर सिटीनं प्रीमियर लीग जिंकली. घरात कुणी ना कुणी अजून ती गोष्ट सांगत असेल. खालचा उतारा मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक आकडा आधी मराठी शब्दात म्हणा:

त्या हंगामात लेस्टरनं ३८ सामने खेळले. त्यांतले २३ जिंकले, १२ बरोबरीत सुटले आणि फक्त ३ हरले. त्यांनी ६८ गोल केले आणि ३६ खाल्ले. शेवटी ८१ गुण झाले. दुसऱ्या क्रमांकावरच्या आर्सेनलचे ७१. जेमी व्हार्डीचे लीगमधले गोल २४, रियाद महरेझचे १७.

८१ ला अडलात ना? एक्क्याऐंशी. आणि ७१ म्हणजे एक्काहत्तर. आधी शेपूट बघा, ‘ऐंशी’ आणि ‘हत्तर’. मग डोकं आपोआप कळेल.

यातला ३६ नीट बघा. देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. म्हणून दोघांचं अजिबात पटत नसेल, तर मराठीत म्हणतात, ‘त्यांचा छत्तीसचा आकडा आहे.’ घरं बदलली की ६३ होतो आणि तेच दोघं समोरासमोर येतात. इंग्रजी आकड्यांत ही गंमत दिसतच नाही.

देवनागरी आकडे वाचायचाही सराव असू द्या. मुंबईत बेस्टच्या बसवर पुढे देवनागरी आकडा असतो. १ तुम्हाला इंग्रजी नऊसारखा दिसेल आणि ४ वर उघडा राहिलेल्या इंग्रजी आठसारखा. १४ नंबरच्या बसला ९८ समजून सोडून देऊ नका.

क्रिकेटवाल्यांसाठीही एक आकडा आहे. १९८३ चा वर्ल्ड कप भारतानं लंडनला लॉर्ड्सवर जिंकला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच स्पर्धेत ११ जूनला भारताचा झिंबाब्वेबरोबरचा सामना आपल्या ग्रेस रोडवर झाला होता. झिंबाब्वेच्या १५५ धावा झाल्या. भारताकडून मोहिंदर अमरनाथनं ४४ धावा केल्या आणि मुंबईच्या संदीप पाटीलनं ५०. तुमचे आजोबा त्या वर्ल्ड कपला बहुतेक ‘एकोणीसशे त्र्याऐंशीचा’ असं म्हणणारच नाहीत. ते नुसतं ‘त्र्याऐंशीचा वर्ल्ड कप’ म्हणतील. तुम्हाला त्र्याऐंशी कळलं नाही, तर ती गोष्ट तिथेच अडेल.

वीस सात की सत्तावीस?

हे सगळं कठीण आहे, असं महाराष्ट्रातल्या लोकांनाही वाटलं होतं. जून २०१९ मध्ये त्यावरून मोठा वाद झाला.

महाराष्ट्रात शाळेची पुस्तकं बालभारती ही संस्था काढते. त्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात सत्तावीसबरोबर ‘वीस सात’ आणि सत्त्याहत्तरबरोबर ‘सत्तर सात’ अशी वाचायची पद्धत आली. जुनी नावंही पुस्तकात होतीच. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर (१९४३–२०२३). त्या गणितज्ञ होत्या, ‘गणितगप्पा’ हे त्यांचं पुस्तक मराठी घरांत आवडीनं वाचलं जातं, आणि लग्नानंतर काही वर्षं त्या इथे इंग्लंडमध्येच, केंब्रिजला राहिल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. लहान मुलाला ‘सत्त्याण्णव’सारखी जोडाक्षरं जड जातात. त्यात ऐकायचा क्रम एक आणि लिहायचा दुसरा. त्यामुळे मूल गणिताला घाबरतं. इंग्रजीत आणि दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस-एक. मग मराठी मुलालाही तशी सोय का नको?

लोक भडकले. वर्तमानपत्रांत लेख आले, फोनवर विनोद फिरले, आणि गोष्ट थेट विधानसभेत गेली. तेव्हाचे मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस. आडनावातच ‘वीस’! मग काय, विरोधकांनी त्यावरूनही कोटी केली.

हसणं सोडून विचार केला, तर नारळीकरांचा मुद्दा खरा होता. तुम्ही आत्ताच कागदावर त्याचा अनुभव घेतलात. पण ‘पन्नास सात’ म्हटलं म्हणजे सगळे प्रश्न सुटतात, असंही नाही. ‘पन्नास सात’ ऐकून अगदी लहान मूल आधी ५० लिहितं, मग त्याच्यापुढे ७ लिहितं, आणि ५०७ होतात. इंग्रजीत शिकणारी लहान मुलंही ‘फिफ्टी-सेव्हन’ची अशीच वाट लावतात. म्हणजे एका पद्धतीत आकडे उलटतात, दुसऱ्या पद्धतीत लांबतात. जुड्या आणि सुटे हाताळल्याशिवाय कुठल्याच पद्धतीत सुटका नाही.

नॉर्वेनं हा बदल खरोखर केला. १९५१ मध्ये तिथल्या सरकारनं ‘एक आणि वीस’ सोडून ‘वीस एक’ म्हणायचं ठरवलं. टेलिफोनचे नंबर सांगताना चुका होतात, हे त्याचं एक कारण होतं. शाळेत नवी पद्धत आली. पण आज इतक्या वर्षांनंतरही तिथे बोलताना जुनी पद्धत ऐकू येते. आपल्या शेजारच्या वेल्समध्येही शाळेत मोजायची सोपी दशमान पद्धत शिकवतात, पण घड्याळातली वेळ सांगताना जुने आकडे अजून चालतात. पुस्तक बदलता येतं. माणसांची जीभ तेवढ्या लवकर बदलत नाही.

आणि तुमची अडचण पुण्यातल्या मुलापेक्षा वेगळी आहे. पुण्यातलं मूल वर्गात ‘वीस सात’ म्हणालं, तरी भाजीवाला, रिक्षावाला, शेजारच्या काकू दिवसभर त्याच्या कानावर सत्तावीस घालतातच. लेस्टरमध्ये तुम्हाला ते ऐकवणारी माणसं दोन किंवा चार. बहुतेक वेळा तर आठवड्यातून एकदा फोनवर येणारी आजी. ती नवा नंबर सांगते: ‘लिही, अठ्ठ्याण्णव, तेवीस, सदुसष्ट...’ तुम्ही ८९, ३२, ७६ लिहिलंत, की फोन भलत्याच माणसाला लागणार. तुम्ही तिला ‘नव्वद आठ’ म्हणालात तर तिला कळेल. पण ती तुम्हाला ‘नव्वद आठ’ म्हणणार नाही. म्हणून माझं मत असं: बोलताना अडलात तर खुशाल ‘नव्वद आठ’ म्हणा, काही बिघडत नाही. ऐकताना मात्र जुनंच यायला हवं.

दोन घरांतला एकच आकडा

बहात्तर या शब्दाकडे परत येऊ. (पुस्तकात ‘बाहत्तर’ असंही लिहिलेलं दिसेल. दोन्ही तेच.)

तुमचं मूळ गाव बीडकडे, नगरकडे किंवा सोलापूरकडे असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘बहात्तरचा दुष्काळ’ हे शब्द नक्की येतील. दुष्काळ म्हणजे पाऊस न पडल्यामुळे अन्नपाण्याचे हाल. १९७२ मध्ये महाराष्ट्रात फार मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरं गेली. लाखो माणसं सरकारी कामांवर गेली. रस्ते करायचे, तळी खणायची, खडी फोडायची आणि त्याची मजुरी घ्यायची. खायला परदेशातून आलेली लाल ज्वारी होती, तिला ‘मिलो’ म्हणायचे. मुलांना ‘सुकडी’ नावाचं कोरडं पीठ वाटायचे. ज्यांनी ते दिवस काढले, ते आजही ताटात अन्न टाकू देत नाहीत. कारण विचारलं तर एकच शब्द सांगतात: बहात्तर.

लेस्टरमधल्या गुजराती घरांत याच आकड्याची दुसरी गोष्ट आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. हजारो कुटुंबं ब्रिटनला आली. सप्टेंबरमध्ये लेस्टरच्या नगरपालिकेनं ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: लेस्टरमध्ये जागा नाही, इकडे येऊ नका. लोक तरीही आले. आज बेलग्रेव्ह रोडला ‘गोल्डन माइल’ म्हणतात आणि दिवाळीचे दिवे बघायला सगळं शहर तिथे लोटतं. तुमच्या मैत्रिणीची आजी त्या सालाला गुजरातीत ‘बोतेर’ म्हणेल. ‘ब’ आधी ऐकू येईल, दोनचा. मग सत्तरचं शेपूट. नीट ऐकलंत तर ते बहात्तरच आहे.

दोन आज्या, दोन देश आणि एकच साल. या गोष्टी कुणी ‘सत्तर दोन’ म्हणून सांगत नाही.

आता तुम्ही करा

हे शब्द आकड्यांत लिहा. आधी डावीकडचं घर भरा, मग उजवीकडचं: चौतीस, त्रेचाळीस, सत्तावन्न, पंच्याहत्तर, शहाऐंशी, एकोणसत्तर, एकोणऐंशी, नव्व्याण्णव.

राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मेला, तेव्हा त्याचं वय ३२ होतं. त्याची हाडं २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सापडली. ३२ शब्दात लिहा. मग घरात विचारा: ‘बत्तिशी’ म्हणजे काय, आणि तिचा या आकड्याशी काय संबंध?

गोल्डन माइलवर सोनाराच्या दुकानात ‘२२ कॅरेट’ अशी पाटी दिसते. ती मराठीत मोठ्यानं वाचा. मराठीत अगदी शुद्ध सोन्याला ‘बावन्नकशी’ म्हणतात. त्या शब्दातला आकडा शोधा आणि लिहा.

शेवटचं काम फोनवरचं आहे. आजी-आजोबांना किंवा घरातल्या मोठ्या माणसांना त्यांच्या आयुष्यातली तीन सालं विचारा: शाळेत कधी गेले, लग्न कधी झालं, पहिलं विमान कधी बघितलं. ते ‘एकोणीसशे’ न म्हणता शेवटचे दोनच आकडे सांगतील. शेपटाची वाट बघा, लिहा, आणि लिहिलेलं त्यांना परत वाचून दाखवा.